मोहाखालची पाठमोरी सासू

माझ्या शेजारच्या प्रफुलनं लंकेची बायको आणली, तेव्हा गावात पहिली बातमी पसरली की ती तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याची आहे. ती सासूला 'अम्मा' म्हणायची, आणि आमच्या लेखी अम्मा म्हणणारं जग सिरोंच्यापाशी संपतं. मी गावची अंगणवाडी चालवते. भिंतीवर नकाशा आहे, म्हणून मीच बायकांना बोट ठेवून दाखवलं, की समुद्रात हा थेंब दिसतो ना, तिथली आहे ती. शेजारची चंदाबाई नकाशाकडं बघतच राहिली. "एवढ्या दुरून? आन् येऊन येऊन सिंदेवाहीच्या जंगलात?"

तिचं नाव इरेशा. माहेर समुद्राकाठचं, भाऊ मासेमारी करणारे. प्रफुल आणि ती मस्कतमध्ये एका हॉटेलात कामाला होते. तो स्वयंपाकघरात, ती कपडे धुण्याच्या खात्यात. तिथंच दोघांचं जमलं. दोन्ही घरं बौद्ध, त्यामुळे कुणी आडकाठी केली नाही. लग्न करून दोघं दिवाळीनंतर गावी आले. प्रफुलच्या कराराचे काही महिने उरले होते, म्हणून तो परत गेला आणि इरेशाला आईजवळ ठेवून गेला. आमच्या गावची पोरं परदेशात राहतात त्याचं कौतुक आम्ही ऐकून होतो. आमचं गाव कुणाचा परदेश होईल असं मात्र आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

तिची सासू सत्यशीलाकाकू म्हणजे माझ्या भिंतीला भिंत. बोलणं मोजकं, काम मरणाचं. इरेशाला मराठी येत नव्हती, मस्कतमध्ये उचललेली मोडकी हिंदी होती. काकूची हिंदी त्याहून मोडकी. तरी दोघींचं चालायचं. इरेशाला तीन वेळा भात लागायचा, आणि भाताला आमच्याकडं कोण नाही म्हणतंय? अडचण नारळाची. ती बसनं सिंदेवाहीला गेली आणि एकदम सहा नारळ मागितले. दुकानदार म्हणाला, "कितीक पूजा आहेत घरी?" तिनं ते सहाही आठवडाभरात भाजीत घालून संपवले. काकूनं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी वाटी पुढं केली.

विहारात ती पहिल्यांदा आली तेव्हा पांढरी साडी नेसून मागे बसली. वंदना सुरू झाली आणि ही अख्खी पाली वंदना आमच्याबरोबर म्हणू लागली, चाल थोडी वेगळी, पण एक शब्द चुकला नाही. पुढच्या म्हाताऱ्या माना वळवून बघायला लागल्या. काकू सरळ समोर बघत होती, पण तिची मान बोटभर उंच झालेली मी पाहिली.

आणखी एक खोड होती तिला. ती सगळ्यांना थँक्यू म्हणायची. पाणी दिलं की थँक्यू, बसमध्ये जागा दिली की थँक्यू. काकू वैतागायची. "घरच्या माणसाले काय थँक्यू म्हंते वं? मी काय परकी आहो?"

हे सगळं ठीक चाललं होतं. मग मोहाची फुलं गळायला लागली.

काकूच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अगदी जंगलाला लागून, मोहाची दोन झाडं आहेत. उजाडता उजाडता आम्ही बायका टोपल्या घेऊन निघतो, मोठमोठ्यानं बोलत, ताटल्या वाजवत. इरेशाला ती वरात वाटायची, तीही हौसेनं ताटली बडवायची. झाडाखाली पोचलं की मात्र काकू बदलायची. "वेच तू. मी आहो," एवढं म्हणायची, आणि इरेशाकडं पाठ करून काठी टेकून उभी राहायची. टोपली भरेपर्यंत एक शब्द नाही, एक फूल उचलणं नाही. इरेशानं काही विचारलं तर मागं न बघता हातानं गप्प करायची.

पाचसहा दिवसांनी इरेशा माझ्या अंगणवाडीत आली. पोरं खिचडी खात होती. ती कोपऱ्यात बसली आणि रडायलाच लागली.

"दीदी, मैं घर जाती. भाई टिकट भेजता. नागपूर तक कैसे जाना, तुम बताओ."

मी हबकलेच. "झालं काय पण?"

"अम्मा मेरा मुँह नहीं देखती. घर में ठीक. झाड के नीचे मैं नौकर. वो लकडी लेकर खडी, मैं उठाती. पीठ दिखाती है. हमारे उधर कोई ऐसा पीठ दिखाए, मतलब तुम हमारी नहीं."

मला आधी हसू आलं आणि लगेच स्वतःचा, काकूचा, सगळ्या गावाचा राग आला. कारण काकूनं आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की पोरीसमोर वाघाचं नाव काढायचं नाही. समुद्राकाठची पोरगी, भ्यायली तर निघून जाईल. प्रफुलनंही तिला सांगितलं होतं की वाघ तिकडं ताडोब्यात असतो, जिप्सीतून बघायचा. आणि आता तीच पोरगी निघून जायला बसली होती.

मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, बाई गं, मोह वेचणारं माणूस वाकलेलं असतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून इथं एकटं कुणी वेचत नाही. एक वाकते, दुसरी तिच्याकडं पाठ करून जंगलावर नजर ठेवते. बोलत नाही, कारण पाचोळा वाजला तर ऐकू यायला पाहिजे. तुझी सासू तुझ्याकडं पाठ करत नाही, वाघाकडं तोंड करते.

इरेशाचं रडणं थांबलं. मग मी उरलेलंही सांगितलं. चार वर्षांमागं काकू आणि तिची जाऊ गुलाब त्याच झाडाखाली वेचत होत्या. फुलं खूप पडली होती, म्हणून दोघीही वाकल्या. काकूनं मान वर केली तेव्हा गुलाबची टोपली तेवढी होती. त्या दिवसापासून काकूनं मोहाचं एक फूल उचललेलं नाही. मधली तीन वर्षं तर झाडं तशीच सोडली होती. यंदा ती तिथं गेली, ती फक्त उभी राहायला.

इरेशा उठून गेली. थँक्यूसुद्धा म्हणाली नाही.

संध्याकाळी काकू माझ्या दारात येऊन उभी राहिली. असा अवतार मी तिचा पाहिला नव्हता.

"काऊन सांगतलं तिले? जेवली नाई ते. फोनवर भावाशी बोलून राह्यली. जाईल आता."

"नसतं सांगतलं तरी जातच होती, काकू. तुमी पाठ दाखवता म्हणून."

काकू खाली बसली. "मंग मी कोन्याकडं पाठ करू?" ती म्हणाली. "जे माही आहे, तिच्याकडंच करीन ना?"

दुसऱ्या दिवशी फटफटताच मी आणि चंदाबाई निघालो. वाटेत काकू भेटली, एकटीच, टोपली न घेता. मी विचारलं, "पोरगी?" काकू म्हणाली, "मी उठली तवा अंथरुणात नव्हती." त्या दिवशी ताटल्या वाजल्या नाहीत.

गावाच्या शेवटच्या घरापाशी, जिथून जंगलाची वाट सुरू होते, तिथं इरेशा उभी होती. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात काकूचीच काठी. भीतीनं तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते. आम्ही पोचताच तिनं खच्चून आरोळी ठोकली, तिच्या भाषेत काहीतरी, बहुतेक वाघासाठी. चंदाबाई दचकून माझ्यावरच आदळली.

मोहापाशी पोचल्यावर शेजारच्या झाडाखाली मी वेचायला बसले आणि चंदाबाई उभी राहिली. पण माझं लक्ष फुलांत कुठलं! काकूनं काठीसाठी हात पुढं केला. इरेशानं काठी दिली नाही. टोपली दिली. मग ती काकूकडं पाठ करून जंगलाकडं तोंड करून उभी राहिली, दोन्ही पाय घट्ट रोवून.

"वेचा, अम्मा," ती म्हणाली. मराठी तिची अजून कच्चीच होती, पण हे शब्द तिनं रोज ऐकले होते. "मी आहो."

काकू टोपली धरून तशीच उभी राहिली. वाटलं, नाही जमायचं तिला. मग ती हळूहळू खाली बसली. एक फूल उचललं, हातात धरून बघितलं आणि टोपलीत टाकलं. मग दुसरं उचललं. पुढं ती जी वाकली, ती टोपली भरेपर्यंत वाकलीच. त्या परदेशी पोरीचे उपकार आम्हा गाववाल्यांवर किती आहेत, ते मला त्या झाडाखाली कळलं. चार वर्षं आम्ही सगळ्या काकूच्या सोबत होतो, पण तिला वाकता येईल अशी पाठ आमच्यातल्या कुणी तिच्याकडं केली नव्हती.

टोपली भरल्यावर काकू गुडघ्यावर हात देऊन उठली. इरेशा अजून जंगलाकडंच बघत होती. काकूनं पदरानं तिच्या मानेवरचा घाम पुसला.

"थँक्यू," काकू म्हणाली.

इरेशानं मागं न बघता हातानं तिला गप्प केलं.