साडूच्या पोटरीचं माप

दोन बहिणींची लग्नं झाली, की दोन परके पुरुष जन्मभर एकमेकांच्या मापात अडकतात. या शिंप्याचं तेच झालं. साडू उंच, साडूच्या डोक्यावर केस शाबूत, सासूच्या तोंडी कायम साडूचं कौतुक. एकाच बाबतीत शिंपी वरचढ होता: साडू शंभर पावलं चालला की पोटरीत गोळा यायचा, मग तो दुकानाच्या काचेपुढे थांबून नको असलेल्या वस्तूंचे भाव विचारायचा. शिंप्याला ते बघून गार वाटायचं.

पुढे त्याचीही डावी पोटरी तशीच धरायला लागली. अंगठ्याला झालेली जखम महिनाभर भरेना. पण ही बातमी त्याने बायकोलासुद्धा लागू दिली नाही. बायकोला कळलं की ताईला, ताईला कळलं की साडूला!

अशात साडू पँटचं कापड घेऊन हजर.

“घ्या माप! जांघेतून तार घातली, फुग्याने पायाची तुंबलेली शीर उघडली, आत जाळी बसवली. काल टेकडीवरच्या टाकीपर्यंत गेलो, कुठंही न थांबता!”

“न थांबता? तोंड तरी थांबलं का?”

साडूला तंग पँटचा शौक, म्हणून पोटरीचं मापही वहीत असायचं. गेल्या वर्षी तेरा इंच. आज चौदा! शिंप्याच्या पोटात दुखलं.

साडू जाताच त्याने स्वतःला टेप लावली. उजवी चौदा, डावी पावणेतेरा. टेप बदलली. तरी पावणेतेरा. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तो सांगत आला होता, टेप खोटं बोलत नाही. शिवाय मशीनचं पायडल मारायचं ते याच पायाने.

“ताईला विचारू का, त्यांचा डॉक्टर कोण?” मोज्याबाहेर आलेला अंगठा पाहून बायको हादरली होती.

“विचार. आणि जाळी त्याच्यापेक्षा लांब हवी म्हणावं.”

डॉक्टरांनी काळवंडलेला अंगठा पाहिला. “आणखी महिना काढला असतात, तर पाऊल कापावं लागलं असतं. विडी आजपासून बंद.”

शिंप्याने खिशातलं विडीचं बंडल काढून टेबलावर ठेवलं. त्याच आठवड्यात ऑपरेशन आटोपलं.

“शीर छान उघडली,” डॉक्टर म्हणाले. “फुग्यावरच भागलं. जाळीची गरज पडली नाही.”

“म्हणजे साडूला जाळी, आणि मला नुसता फुगा?”

“अहो, पाय वाचला तुमचा!”

“ते ठीक आहे हो. पण घरी काय सांगू?”

दीड महिन्याने जखम भरली. साडू पँट न्यायला आला आणि खुर्ची ओढून बसला.

“मग? बसली का जाळी?”

बायकोने पदर तोंडाला लावला. शिंप्याने सुईत दोरा ओवला, सावकाश.

“दोन,” तो म्हणाला.

साडूचा चेहरा उतरला. हात नकळत स्वतःच्या मांडीवर गेला. शिंप्याने डावं पाऊल पायडलवर ठेवलं, आणि मशीन असं धडाडलं की साडूचा पुढचा प्रश्न त्याला ऐकूच आला नाही.