मालकाचा रकाना

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. डोंबिवली पूर्वेच्या लॅबचं मात्र मिसळत नाही. मी निवृत्त नाही, तेवढं माझं वय नाही. सहा वर्षं उपनिरीक्षक होते, मग राजीनामा दिला. पण कुणी एखादी केस सांगा म्हटलं की हीच आठवते, आणि हीच सांगावीशी वाटत नाही.

सकाळी दहाला लॅबचे मालक डॉक्टर ठाण्यात आले. रक्त-लघवी तपासणारी मोठी लॅब. आठवडाभर रोज सकाळी, गर्दीच्या वेळी, रिपोर्टांची यंत्रणा बंद पडत होती. उपाशीपोटी आलेले पेशंट काउंटरवर आरडाओरडा करत होते. एका पेशंटचं ऑपरेशन रिपोर्टाअभावी पुढे ढकललं गेलं होतं.

"आमचा सिस्टीमवाला आहे, मोहने गावचा. राजीनामा दिलाय त्याने. जाता जाता काडी लावून चाललाय," डॉक्टर म्हणाले. पुराव्यादाखल त्यांनी मोबाईलवर काढलेला सर्व्हरच्या स्क्रीनचा फोटो दाखवला. काळ्या पडद्यावर चालू प्रोसेसची यादी होती. एकच ओळ मशीनची जवळजवळ सगळी ताकद खात होती. ओळीच्या शेवटी नाव होतं, बॅकअप.

"हे बॅकअप कोणी बनवलं?"

"त्यानेच. अजून कोण बनवणार?"

सायबरचं काम ठाण्यात माझ्याकडेच होतं. मी फोटो बघून मान हलवली. त्या मान हलवण्यावर पुढचा सगळा दिवस चालला.

अकराला त्या सिस्टीमवाल्याला बोलावून घेतलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. कोलशेतच्या एका कंपनीत तो सोमवारी रुजू होणार होता. तिथे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागत होता आणि त्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडून होता. अटक झाली असती तर दाखला गेला असता आणि नोकरीही. तो हे जाणून होता. म्हणून तो ओरडला नाही, एकेक शब्द जपून बोलला.

"मॅडम, बॅकअप माझाच आहे. पण तो दुपारी दोनला चालतो. दहा मिनिटांत संपतो. सकाळी तो चालूच होत नाही."

"फोटो सकाळचा आहे."

"मग ते माझं नाहीये."

"नाव तेच आहे."

यावर तो गप्प बसला. गप्प बसणारा माणूस लपवतो आहे असं आम्ही धरून चालतो. मी स्वतः आयुष्यभर गप्प बसत आले आहे, तरी मीही तेच धरलं.

हवालदार म्हणाले, "मॅडम, त्या कंपनीत फोन करून जॉइनिंगची तारीख कन्फर्म करू? पळायचा विचार असला तर कळेल." हे आमचं नेहमीचं काम होतं. मी म्हटलं, करा.

साहेबांनी फाईल चाळली. "घटनास्थळाचा पंचनामा उरका. संध्याकाळपर्यंत अटक दाखवू."

पंच शोधायला लांब जावं लागलं नाही. मानपाड्याचे एक आजोबा सकाळपासून बाकावर बसले होते. चाळीतल्या भाडेकरूंची नोंद करायला आलेले, जुने जमीनमालक. "मॅडम, माजा तेवडा फॉर्म घ्या ना, सकालपासून बसलोय," असं त्यांनी तीनदा सांगून झालं होतं. हवालदारांनी त्यांना आणि बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला गाडीत घातलं.

बारा वाजता आम्ही लॅबमध्ये पोचलो. नेहमीच्या पद्धतीने मशीन बंद करून सील केलं असतं तर चालू प्रोसेसची यादी तिथेच पुसली गेली असती, आणि लॅबही बंद पडली असती. म्हणून चालू मशीनवरच पंचनामा करायचं ठरलं. मी टर्मिनल उघडलं, फोटोतला तोच काळा पडदा. यादीत बॅकअप होतंच, बारा वाजता. दोनला चालतो म्हणणारा खोटं बोलला, असं मी मनात लिहूनही टाकलं. मग यादी रिपोर्टांच्याच प्रिंटरवर छापली आणि पंचांसमोर ठेवली.

झेरॉक्सवाल्याने लगेच सही केली. आजोबांनी खिशातून चष्मा काढला.

"ह्यो काय हाय?"

"यादी आहे, आजोबा. सही करा फक्त."

"समजल्याबिगर सही नाय करनार. एकदा केलेली, अर्धा एकर गेला."

हवालदार हसले. मला हसू आलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. प्रोसेस म्हणजे काय, हे मराठीत सांगायला शब्द सापडेना.

"ही कामं आहेत," मी म्हटलं. "मशीन आत्ता जी जी कामं करतंय ती. शेवटी कामाचं नाव. मधे कुठलं काम किती ताकद खातंय ते."

"आनि ह्यो पयला रकाना?"

"काम कोणाच्या नावावर चाललंय ते."

त्यांनी बोट पानावरून खाली आणलं. "सगल्यांच्या फुडं नाव हाय. याच्या फुडं आकडा कसा?"

"नाव फार लांब असलं की तिथे नुसता आकडा छापला जातो."

"मंग आकडा कोनाचा?"

मला ते माहीत नव्हतं. तो रकाना मी पाहिलाच नव्हता.

"अगो पोरी, सातबाऱ्यावर पीक काय लिवलाय ते आमी मागनं बघतंव. आदी मालक कोन ते. पीक काय, कायपन लिवतील."

मी पुन्हा टर्मिनलसमोर बसले. सिस्टीमवाल्याचं लॉगिन छोटं होतं, त्याचं नाव सरळ छापलं जायचं. तो आकडा डॉक्टरांच्या पूर्ण नावाच्या लॉगिनचा होता. त्या कामाचा पूर्ण पत्ता काढला तर ते डॉक्टरांच्याच फोल्डरमधून सुरू झालेलं. दर काही सेकंदांनी ते लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढून साठवत होतं. काउंटर जितके जास्त चालू, तितके फोटो जास्त. मेमरी भरली की सर्व्हर चालू राहण्यासाठी स्वतःच सगळ्यात जड प्रोसेस मारून टाकतो. फोटोंचं काम प्रोसेसरची ताकद खात होतं, पण मेमरीत सगळ्यात जड होती रिपोर्टांची. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक सकाळची वेळ लिहिलेली होती.

मी डॉक्टरांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावलं.

"ते... ठाणे शहरातला एकजण लावून गेला," ते म्हणाले. "मुली दिवसभर काय करतात ते कळायला नको? नावही त्यानेच दिलं, कोणाला संशय नको म्हणून. पण सिस्टीम त्याच्यामुळे पडते हे मला खरंच माहीत नव्हतं."

"सकाळी यातलं काही का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांसमोर कसं सांगणार?" मग आवाज खाली आणून, "मॅडम, ते बंद करायला आमच्या सिस्टीमवाल्यालाच पाठवाल का? मला नाही येत."

बाहेर काउंटरवर चार मुली मान खाली घालून काम करत होत्या. पंचनाम्यात मी सगळं लिहिलं. आजोबांनी माझ्याकडून शब्दन् शब्द वाचून घेतला आणि सही केली.

तीनच्या सुमारास डॉक्टरांनी तक्रार मागे घेतली. गुन्हा नोंदला गेलाच नव्हता, त्यामुळे अटकही नाही. साहेबांनी मान डोलावली आणि पुढची फाईल घेतली. सिस्टीमवाल्याला मी स्वतः सांगितलं, तुम्ही जा. माफी मागायचा रिवाज आमच्यात नाही. मी मागायला हवी होती.

चार दिवसांनी त्याचा पडताळणीचा दाखला माझ्या टेबलावर आला. अभिलेखात निरंक, म्हणजे नावावर एकही गुन्हा नाही. मी सही केली. घ्यायला तो स्वतः आला.

"कधी जॉइन होताय?" मी विचारलं.

"नाही होत, मॅडम. त्या दिवशी तुमच्या ठाण्यातून फोन गेलेला ना. एचआरवाल्या मॅडम चांगल्या बोलल्या. बोलल्या, प्रॉब्लेम काही नाही, फक्त सध्या पोस्ट होल्डवर आहे."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको." तो पहिल्यांदाच झटकन बोलला. "पोलिसांचा अजून एक फोन नको."

तक्रार मागे घेता येते, अटक टळते, कागदावर निरंक लिहिता येतं. सकाळी अकराचा एक फोन मात्र कुठल्याच कागदावर नव्हता, म्हणून तो खोडताही येत नव्हता. यादी कशी वाचायची हे मी त्या दिवशी शिकले. ते शिकायला लागलेला वेळ दुसऱ्याच्या हिशेबातून गेला, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याने दाखल्याची घडी घातली. "हा किती दिवस चालतो?"

"सहा महिने."

"बघू," तो म्हणाला, आणि नोंदवहीत पोच म्हणून सही करायला वाकला.