शाळा वाचवायची सभा

शाळेच्या समितीची अध्यक्ष मी आहे. पद बाईला द्यायचं होतं, म्हणून माझं नाव लागलं. खुर्चीत आमचे हे बसतात आणि गावही त्यांनाच अध्यक्ष म्हणून हाक मारतं. माझ्याकडे फक्त सही. चौथी शिकलेय, सही चांगली येते.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर पोरंही गेली. वर्गात बोटावर मोजण्याइतकी उरली. त्यात आमची धाकटी, दुसरीतली. नेमका तेव्हाच निरोप आला, की पट कमी झालाय, शाळा बंद करायची का ते बघायला साहेब येणार आहेत. पुढची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे. हे जेवता जेवता म्हणाले, "बंद झाली तर पोरगी राहील घरी. त्या ट्रकांतून कोन सोडनार तिला?" आणि आणखी एक भाकरी मागितली. माझी शाळाही अशीच कुणाच्या तरी जेवणात संपली होती. तेव्हापासून मला झोप लागेना.

गावानं मात्र जोर धरला. शाळा वाचवायची म्हणून भिंतीवर आगगाडी रंगवली. निळे डबे, दाराला पायऱ्या, पुढे इंजिन. आत बसायला पोरं नव्हती, पण गाडी झकास निघाली. सगळ्यांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले.

साहेब आले त्या दिवशी मंदिरात सभा भरली. एकेक जण उठून बोलला. मराठी शाळा म्हणजे आपली माय, हे वाक्य आमच्या ह्यांचं. टाळ्या पडल्या. बोलणाऱ्या सगळ्यांची पोरं तेव्हा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत होती. रोज सकाळी पिवळी गाडी येते, तीत ती कोंबून बसतात. आमचा थोरलाही. पोराला इंग्रजी पाहिजे आणि पोरीला कसंही चालतं, असा आमच्या घरचा हिशेब.

साहेबांनी विचारलं, अध्यक्ष कोण? हे उठले. साहेब म्हणाले, कागदावर तर बाईंचं नाव आहे. मी बायकांत खांबाआड बसले होते. मागून कुणीतरी ढकललं. उभी राहिले तेव्हा पदर तोंडात होता.

साहेबांनी विचारलं, "ताई, पट कशानं कमी झाला?"

"टोळ्या गेल्यात, साहेब. ती पोरं परत येत्याल," मी म्हणाले. मग जे बोलायचं नव्हतं तेही आलं. "बाकीची हितं भाषनं करनारांची हायेत. ती पिवळ्या गाडीत. आमचाबी पोरगा तिच्यातच."

साहेब खोकले. टोळ्या परतल्यावर पुन्हा बघू, तोवर शाळा चालू राहू द्या, असं म्हणून ते चहा न घेता गेले.

घरी ह्यांनी भांडी आपटली. चारचौघांत लाज काढली, असं बरंच काही. मी पोळ्या लाटत राहिले. सकाळी पिवळी गाडी दारात वाजत राहिली. मी थोरल्याला धाकटीबरोबर गावच्या शाळेत नेऊन बसवलं. तो रडला, मग खिचडी खाऊन गप्प झाला. ह्यांना अडवताही येईना. ओट्यावर अख्खं गाव बसलं होतं, आणि मायेचं भाषण करून एक रात्रच झाली होती.

नंतर दोघीतिघी जणी पाण्याला आल्यावर हळूच विचारून गेल्या, अजून नाव घालून घेतात का म्हणून. दोघींनी घातलं.

महिन्याभरानं गावानं सत्कार ठेवला. स्वतःच्या पोराला मराठी शाळेत घालून आदर्श घालून दिला म्हणून, आमच्या ह्यांचा. शाल दिली, नारळ दिला. ह्यांनी हार घालून पुन्हा भाषण केलं आणि ते मंदिरातल्यापेक्षा चांगलं वठलं, असं स्वतःच सांगत घरी आले. मी नारळ फोडला. खोबरं दोघा पोरांना दिलं.