वैजूताईंचा उजवा कान

वैजूताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्यादेखत माझं गाणं ठेचलं. अक्षरशः ठेचलं. मी दिलेला पेनड्राइव्ह त्यांनी जेवणाच्या टेबलावर पोळपाट ठेवून त्यावर ठेवला, शेजारी पडलेली तबल्याची हातोडी उचलली आणि सुपारी फोडावी तितक्या सहज एकच घाव घातला. प्लॅस्टिकचा तुकडा उडून माझ्या गालाला लागला. मग तो सगळा चुरा माझ्या ओंजळीत घालून त्यांनी दार उघडून धरलं.

"पाय चालतात तुमचे, बेलही वाजवता येते," त्या म्हणाल्या. "आता मेल लिहायला शिका."

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वैजूताई एकट्या राहत. सकाळी एका कॉलेजात अकाउंट्स शिकवत आणि उरलेल्या वेळात 'ऐकून सांगते' नावाचा ब्लॉग लिहीत. ज्यांच्या पाठीशी कुठलीही कंपनी नाही, जे आपल्याच पैशाने गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतात, अशा माझ्यासारख्यांची गाणी त्या ऐकत आणि चार ओळी लिहीत. त्या चार ओळींना पुण्यात वजन होतं. त्या बऱ्या असल्या की छोट्या हॉलवाल्यांचे फोन येत. वाईट असल्या की घरचे म्हणत, बघा, आम्ही सांगत होतो.

गाणं कसं पाठवावं यावर त्यांची ठाम मतं होती आणि ती ऐकवताना त्या समोरच्याची गय करत नसत. एकच गाणं पाठवायचं. "दहा पाठवलीत तर त्यातलं चांगलं कुठलं हे तुम्हालाच कळलेलं नाही, असा मी अर्थ घेते." आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत असं लिहायचं नाही, ते ऐकणारा ठरवतो, त्यापेक्षा ड्रम कोण वाजवतं आणि तालीम कुठे होते ते सांगायचं. पंधरा दिवस 'ऐकलंत का' म्हणून विचारायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला पाठवतोय त्याने आजवर काय लिहिलंय ते वाचायचं. "न वाचता मला मेल करणं म्हणजे न बघता रस्ता ओलांडणं. आणि मी पीएमटीची बस आहे, मी थांबत नाही."

ती हातोडी त्यांच्या वडिलांची. अप्पा कसबा पेठेत तबल्याचे क्लास घेत. ठेका चुकला की त्याच हातोडीचा दांडा मुलांच्या बोटांवर बसे, आणि स्वतःची मुलगी म्हणून वैजूताईंना जरा जास्तच. एकदा दांड्याऐवजी लोखंडाची बाजू बसली. उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं आणि वाकडंच जुळलं. तबला तिथे संपला. हे सगळं त्यांनी मला पुढे ओळख वाढल्यावर भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मला राग आला, त्यांच्या आवाजात मात्र तो नव्हता. "ऐकायला मला अप्पांनीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "मार कुठल्या मात्रेवर येणार हे आधी कळलं नाही तर हात मागे घेता येत नसे." अप्पा गेल्यावर भावांनी तबले, पेट्या, फोटो वाटून घेतले. वैजूताईंनी फक्त हातोडी मागितली.

त्यांचा स्वतःचा हातही काही गांधीवादी नव्हता. आमचा तिघांचा बँड होता: मी गिटारवर, सायली बेसवर आणि ओंकार ड्रमवर. एका तळघरातल्या हॉलमध्ये आम्ही वाजवत असताना पुढच्या टेबलावरचा एक माणूस सायलीवर बर्फाचे खडे मारायला लागला. आमच्याने गाणं सोडवेना, हॉलवाला बघून न बघितल्यासारखं करत होता. इतक्यात मागून वैजूताई आल्या. पुण्यात हेल्मेट डोक्यावर घालणारे मुळात कमी, वैजूताई ते कार्यक्रमातही हातात ठेवत. त्यांनी ते त्या माणसाच्या गुडघ्यावर असं हाणलं की तो खुर्चीसकट आडवा झाला. तो उठून अंगावर आला, तेव्हा दुसरा तडाखा नाकावर बसला. सतरंजीवर रक्त सांडलं. वैजूताई जागेवर जाऊन बसल्या आणि आम्हाला हाताने खूण केली, चालू द्या. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आशेने ब्लॉग उघडला. त्यावर आमच्याबद्दल अवाक्षर नव्हतं. फोन केला तर म्हणाल्या, तुमच्यासाठी मारामारी केली म्हणून तुमचं गाणं चांगलं ठरत नाही, रीतसर मेल करा.

रीतसर मेल करायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे 'पत्रा' नावाचं नवं गाणं तयार होतं. आमच्या पोतडीतलं तेच खरं गाणं होतं, आणि ते कुणी उचललं नाही तर बँड मोडायचा हेही बोलून झालं होतं. सायलीला बंगळुरूची नोकरी आली होती. ओंकारचं स्वारगेटच्या मागे दुचाकींचं गॅरेज होतं आणि त्याचे वडील ड्रमकडे बघून रोज काहीतरी बोलत. प्रत्येक ब्लॉगवाल्याचं लिखाण वाचून मी वेगवेगळे मेल लिहिणार होतो. पहिला रोहन नावाच्या एकाला लिहून झाला, तो ओंकारला दाखवायला पाठवला आणि मी तापाने आडवा झालो. ओंकारला धीर नव्हता. लहानपणापासून ताशा वाजवलेला पोरगा, त्याला थांबणं ठाऊकच नाही. त्याने तोच मेल जसाच्या तसा, सगळ्यांचे पत्ते एकाच रांगेत घालून, सगळ्यांना पाठवला. वर मायना तसाच: डिअर रोहन सर. शिवाय दररोज सकाळी 'सर, ऐकलं का?'

आठवड्याच्या आत वैजूताईंच्या ब्लॉगवर लेख आला. त्याचं नाव होतं 'मी रोहन सर नाही'. आमचा मेल त्यांनी सबंध छापला होता आणि प्रत्येक वाक्याखाली आपला शेरा मारला होता. वाचणारा हसून लोळेल असं ते लिखाण होतं. मलाही हसू आलं, हे लपवून काय करू. शेवटी मात्र हसू थांबलं. "गाणं ऐकलेलं नाही. पाठवण्याआधी ज्यांना मेल वाचवत नाही, त्यांनी गाणं तरी ऐकलं असेल यावर माझा विश्वास नाही."

तो लेख गावभर फिरला. ठरलेला एक कार्यक्रम हॉलवाल्याने गुळमुळीत कारण देऊन काढून घेतला. गॅरेजमध्ये पोरं ओंकारला रोहन सर म्हणायला लागली. त्याच्या वडिलांनी तो लेख गिऱ्हाइकांना वाचून दाखवला, तेव्हा ओंकारने पाना फेकला आणि तो एका गाडीची काच फोडून गेला. तालमीच्या खोलीत त्याने झांजेचा स्टँड भिंतीवर आपटून वाकवला. रविवारी दुपारी तो माझ्याकडे आला तेव्हा अगदी शांत होता. म्हणाला, चल, त्या बाईंची माफी मागून येऊ. मी खरं मानलं.

दुपारची वेळ. पुण्यात या वेळेला कुणाची बेल वाजवणं हाच गुन्हा. वैजूताईंनी दार उघडलं, आम्हा दोघांना बघितलं आणि त्यांच्या जिभेने नेहमीचं काम केलं.

"या, रोहन सर."

ओंकारचा हात कधी उठला ते मला दिसलंच नाही. नुसता आवाज आला. ड्रम वाजवणाऱ्याचा हात, पूर्ण ताकदीने, उघडा, डाव्या कानावर. वैजूताई चपलांच्या कपाटावर कोसळल्या, कपाट त्यांच्यावर पडलं. तो त्यांना ओलांडून आत गेला, लॅपटॉप उचलून जमिनीवर आपटला, टेबल उलटं केलं. मी मागून त्याच्या मानेला विळखा घातला. त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, मी त्याला चावलो, दोघंही खाली पडलो. कसाबसा मी त्याच्या पाठीवर बसलो. त्याचा उजवा हात फरशीवर पसरला होता आणि त्या हाताच्या मनगटावर कुणीतरी गुडघा रोवला.

वैजूताई होत्या. डाव्या कानातून रक्ताचा ओघळ मानेवर आला होता. हातात हातोडी होती. तिच्या दांड्याभोवती त्यांचं ते वाकडं बोट आवळलेलं मला दिसलं. खाली ओंकारची पाच बोटं. त्याने ओढाओढ थांबवली. मी ताई नको, ताई नको एवढंच म्हणत राहिलो, पण त्याच्या पाठीवरून उठायचं मला सुचलं नाही.

हातोडी खाली आली. बोटांपासून वीतभर अंतरावर फरशी फुटली, कपच्या उडाल्या, ओंकारच्या कपाळातून रक्त आलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला. वैजूताई फुटलेल्या फरशीकडे बघत राहिल्या.

"मी अप्पा नाही," त्या म्हणाल्या. ते आम्हा दोघांपैकी कुणालाच नव्हतं.

मग मला म्हणाल्या, "गाणं लाव." मी म्हटलं, ताई, आधी डॉक्टर. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने फोन काढला. डाव्या कानात कापसाचा बोळा कोंबून, हेडफोन चढवून, उलट्या टेबलाला टेकून त्यांनी 'पत्रा' सबंध ऐकलं. ओंकार भिंतीशी बसून होता. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून ठेवला. आम्ही तिघंही रिक्षाने आधी दवाखान्यात आणि तिथून चौकीवर गेलो. ओंकारला मी धरून नेलं असं लोक म्हणतात, ते खरं नाही. तो स्वतः रिक्षात चढला.

त्या संध्याकाळी वैजूताईंनी दोन गोष्टी लिहिल्या. एक फिर्याद. दुसरं ब्लॉगवर, फोनवरून. ते मला पाठ आहे. "या गाण्यात ड्रम वाजवणाऱ्या मुलाने आज मला मारलं. त्याबद्दल मी फिर्याद केली आहे आणि ती मागे घेणार नाही. गाणं मी त्यानंतर ऐकलं. दुसऱ्या कडव्यात ड्रम एकाएकी थांबतात आणि सगळं गाणं श्वास धरून उभं राहतं, तशी जागा मी अलीकडे ऐकलेली नाही. ते ऐकण्याआधी लिहिलं, ही माझी चूक. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावू नये."

अर्थात सगळ्यांनी लावला. कुणी त्यांना घाबरट ठरवलं, कुणी जाहिरातबाजी म्हटलं. गाणं मात्र गाजलं, आमचे कार्यक्रम झाले आणि ओंकार जामिनावर वाजवत राहिला. वैजूताईंचा डावा कान गेला तो गेलाच. केस अजून चालू आहे. जबानीत त्यांनी स्वतःच्या वकिलाने अडवलं तरी हातोडी उगारल्याचं सांगितलं.

ओंकारला त्यांच्या दाराशी जायला मनाई आहे, म्हणून मध्यंतरी त्याच्या वतीने मी गेलो. मेल रीतसर केला होता. वैजूताईंचं नाव बरोबर, गाणं एक, पंधरा दिवस कुणी चकार शब्द काढला नव्हता. ओंकारने आपणहून एक गोष्ट केली होती. हेडफोनमध्ये काही वाद्यं डावीकडून येतात, काही उजवीकडून. त्याने सगळं उजवीकडे घेतलं होतं, तेवढ्या एका कानासाठी. मला ते फार भिडलं होतं. फुटकी फरशी ओलांडून मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. टेबलावर हातोडी होती आणि एका पेनड्राइव्हचा ताजा चुरा.

अर्धं गाणं ऐकून त्यांनी हेडफोन काढला. संतापल्या होत्या.

"माझ्या कानासाठी गाणं का बिघडवलं त्याने? दोन्ही कानांचं पाठव म्हणावं."

फोनमध्ये मूळ गाणं होतं. ते लावताना मी चाचरत विचारलं की ताई, डावीकडचं तुम्हाला कसं कळणार. त्यांनी डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढला, उलटा फिरवला, डावी बाजू उजव्या कानावर बसवली आणि मला गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं.