भालेराव बाईंचा बुटका खांब

पूजा, अशी जवळ सरक. विष्णुपुरीच्या कॉलेजात कम्प्युटर शिकतेस आणि मावशीला महिनोन्महिने फोन नाही, शोभतं का गं? वर आईला म्हणालीस म्हणे, डेटाबेसला डॅशबोर्ड जोडणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. लातूरला आमच्या डेअरीच्या ऑफिसात ते काम भालेराव बाईंनी केलं होतं. ऐक.

बाई रेणापूरच्या. तोंड लई वाईट. दूध संकलनाच्या पावत्या आम्ही बाई धरून पाच जणी कम्प्युटरवर चढवायचो. कुणी चुकलं की बाई तिला उभं करून ती चूक मोठ्यानं वाचायला लावत. पोरी रडायच्या. मी चाळिशीनंतर बघून बघून टायपिंग शिकलेली. मला म्हणायच्या, "सुलभे, बोटं हायेत का लाटणी?" पण संध्याकाळी माझा गठ्ठा उरला की पुटपुटत माझ्याच खुर्चीत बसायच्या आणि माझ्याच लॉगिननं तो संपवायच्या. "साहेबाला तुझी लाटणी कशाला दाखवायची?" रोजचं होतं हे.

मग साहेबांनी फर्मान काढलं. पाचातली एक कमी करायची. कोण किती काम करतं ते पडद्यावर दिसलं पाहिजे. आलेखात जिचा खांब बुटका, ती घरी. जोडणी बाईंनी करायची, कारण डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, SQL, त्यांनाच येत होती. गावोगावच्या संकलन केंद्रांचे डेटाबेस वेगवेगळे. सगळ्यांना एकदम प्रश्न विचारणारं क्वेरी इंजिन त्यांनीच बसवलेलं. आता त्याला आलेख काढणारं टूल जोडायचं. चार दिवस पडद्यावर लाल अक्षरं. पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर, पासवर्ड बरोबर. पाचव्या दिवशी कळलं, टूलला इंजिनशी बोलायला लागणारा ड्रायव्हरच बसवलेला नव्हता. तो बसवला आणि हिरवं झालं. कुणाच्या लॉगिननं किती पावत्या चढल्या ते मोजणारी क्वेरी बाईंनी लिहिली. पाच खांब उभे राहिले.

सगळ्यात उंच माझा. सगळ्यात बुटका बाईंचा.

"बाई, माझ्यातलं निम्मं तुमचं हाय," मी म्हणाले. "क्वेरीत तेवढं फिरवा ना."

"डेटात जे नाव हाय तेच येणार. आकड्याला हात लावायचा असता तर इतके दिवस डोस्कं कशाला झिजवलं असतं?" माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुझं तोंड मात्र तुझं हाय. उद्या वाटलं तर उघड."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर आलेख लावला. "बाई, लोकांना उभं करता ना? आज तुम्ही वाचा."

बाई उठल्या. पाचही नावं आकड्यांसकट वाचली, स्वतःचं शेवटी. आवाज हलला नाही. त्यांनी रडवलेल्या पोरी खुदखुदल्या. कुणीतरी म्हणालं, "साहेब, बाईंशिवाय हे चालवणार कोण?" साहेब म्हणाले, "जोडणी तर झालीच की आता." मग माझ्या नावाचा पुकारा झाला, हातात गुलाब आला. पोरगी बारावीला, घरात माझा एकटीचा पगार. मी गुलाब घेतला. तोंड उघडलं नाही.

बाईंनी डबा पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाल्या, "बोटं चालव आता. उद्यापासून गठ्ठा तुझा तुलाच."

त्या अजून रेणापुरातच आहेत. डोळ्यांनी फार दिसत नाही म्हणतात. गुडघ्यांमुळे एसटी चढवत नाही असं मी सगळ्यांना सांगते, पण गुडघे चांगले आहेत गं. धीर होत नाही. तू सोबत असलीस की त्यांच्या दारातून मला माघारी फिरता येणार नाही. आज जा, पण येत्या रविवारी ये. पहिल्याच गाडीनं ये.