रक्त थांबवणाऱ्यांची परिषद

आमच्या लॅबमध्ये किस्से कधी कमी पडत नाहीत. सुई टोचताना माणूस हाताकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो आणि बोलायला लागतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं माझं काम, आणि एकोणीस वर्षं हे मी ऐकतेय. पण मागच्या हिवाळ्यात वर्ध्याला, आमच्याच कॉलेजात, रक्तस्रावावर दोन दिवसांची परिषद झाली. तेव्हा जे साचलं ते अजून सांगून संपलेलं नाही.

*

उद्घाटनाला आम्ही मिलिंदभाऊंना बोलावलं होतं. नाचणगावचे, शाळेत क्लार्क. जन्मापासून हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर गोठत नाही. कोणीतरी त्यांच्या हातात काट्यांसकट गुलाबाचा गुच्छ दिला. आमच्या विभागप्रमुख मॅडम घाबरून धावल्या आणि तो काढून घेतला.

मिलिंदभाऊ शांतपणे म्हणाले, "काट्यानं काई होत नाई मॅडम. आमचं रक्त आतल्या आत जाते, गुडघ्यात. ते कोणाले दिसत नाई."

मॅडमनी गुच्छ परत दिला. हे त्यांनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं.

*

दुपारी आमचे रिटायर्ड सर सभागृहाच्या पायऱ्यांवर पडले. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यामुळे नाकातून धार लागली. आजूबाजूला सगळे रक्त थांबवण्यातले तज्ज्ञ. आणि कापसाच्या या जिल्ह्यात एकाकडेही कापूस नव्हता.

शेवटी कॅन्टीनच्या मावशींनी पदर लावला आणि सरांचं नाक दाबून धरलं. तोवर तज्ज्ञांची चर्चा चालूच होती, कोणतं इंजेक्शन द्यावं याची. रक्त थांबल्यावर सर मला म्हणाले, "यातले निम्मे माझे विद्यार्थी आहेत." हसले नाहीत.

*

नव्या औषधावरच्या भाषणात बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याला एक इंजेक्शन, की पेशंट फुटबॉलसुद्धा खेळतो. मिलिंदभाऊंनी उठून विचारलं, आमच्याकडे कधी येणार. उत्तर मिळालं, लवकरच. ते खाली बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावले. फक्त "लवकरच" लिहिलं होतं. त्याच्या वर, वेगवेगळ्या शाईत, तोच शब्द आणखी तीनदा.

*

माझंही एक पोस्टर होतं, आयुष्यातलं पहिलं. गावांतून आलेले रक्ताचे नमुने आम्हाला का नाकारावे लागतात, एवढाच विषय. नळी अर्धवट भरली किंवा नीट हलवली नाही की तपासणीच करता येत नाही. अशा नळ्यांचे फोटो लावले होते. नावं झाकली, तारखा तशाच राहिल्या.

हिंगणीकडच्या एक सिस्टर त्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, आवडलं असेल, म्हणून समजावून सांगायला गेले. त्यांनी एका नळीवर बोट ठेवलं. बाळंतीण होती, म्हणाल्या, रक्त थांबत नव्हतं, धावपळीत नळी अर्धीच भरली.

"दुसरा नमुना पाठवा म्हणून तुमच्याकडून फोन आलता. तवापर्यंत बाई गेलती."

तो फोन मीच केला होता.

संध्याकाळी पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या.

*

शेवटच्या सत्रात मॅडमनी एक जुनी केस दाखवली. पडद्यावर विशीतला तरुण उभा, गुडघा सुजलेला. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. डोक्यात रक्तस्राव होऊन तो पुढे वारला, असं मॅडमनी सांगितलं आणि स्लाइड बदलली.

माझ्या शेजारी मिलिंदभाऊ बसले होते. सत्र संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग काठी टेकत मॅडमकडे गेले.

"तो माया मोठा भाऊ होय मॅडम. अंगातलं शर्ट मायं आहे. दवाखान्यात जायचं म्हणून घालून गेलता."

मॅडम खुर्चीत बसल्या. माफी मागू लागल्या. पण मिलिंदभाऊंची तक्रार नव्हतीच. घरी भावाचा एकही फोटो नव्हता. तेवढी काळी पट्टी काढून फोटो द्याल का, मायले दाखवतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

चार दिवस मी जुने कॉम्प्युटर, कपाटं, सगळं धुंडाळलं. फोटो एकच होता. पट्टी त्यातच पक्की झाली होती, तिच्याखाली आता काहीच नव्हतं. मी मिलिंदभाऊंना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "तसाच द्या."

महिन्याभराने ते तपासणीला आले. सुई टोचली, ते भिंतीकडे बघू लागले. मी विचारलं, आई काय म्हणाल्या?

मायनं फोटो उजेडात नेला, म्हणाले, लय वेळ पाह्यला. मग म्हणाली, "डोये मले याद आहेत. हनुवटी इसरून गेलती."