गोंगाट गाळणारी सोय

मी एकटा राहतो. लग्न केलं नाही. त्यामागे प्रेमभंग वगैरे काही नाही, राहून गेलं एवढंच. त्याची उणीव बरीच वर्षं जाणवली नाही, कारण मला ऑफिस होतं. न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांचे कागद तयार करायचे, हे आमचं काम. बेलापूरला जागा होती. डबे एकत्र उघडायचे, एसी किती ठेवायचा यावरून रोज भांडायचं आणि घरी फक्त झोपायला जायचं. मग लॉकडाऊन आला. तो उठला, पण तोवर कंपनीला भाडं वाचवायची चटक लागली होती. जागा सोडली. आम्हाला सांगितलं, आता घरूनच, कायमचं.

टीम दुरावू नये म्हणून मॅनेजरने एक ॲप आणलं. तो वयाने माझ्या निम्मा आहे, मनाने चांगला आहे, आणि ॲपवर त्याची गाढ श्रद्धा आहे. सकाळी लॉगिन केलं की ते विचारतं, आज कसं वाटतंय? हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहरे समोर येतात. एकदा मी रडवा दाबून पाहिला. लगेच दीर्घ श्वास कसा घ्यावा याचा व्हिडिओ आला. तेव्हापासून मी रोज हसरा दाबतो. शुक्रवारी खेळ असतो. आठवड्यातून एकदा ॲप कोणाही दोघांची जोडी लावतं आणि त्यांनी आपापला चहा घेऊन गप्पा मारायच्या असतात. भाग घेतला की गुण, नाही घेतला की मॅनेजरचा मायेने चौकशी करणारा मेसेज. हसावं की रडावं कळत नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट मनापासून आवडली. दिवसभर चालू राहणारा एक सामाईक कॉल होता. ऑफिसात बसल्यासारखं वाटावं म्हणून माइक उघडा ठेवून आपापलं काम करायचं. त्यातून सगळ्यांची घरं ऐकू यायची. कोणाच्या कुकरच्या शिट्ट्या, कोणाच्या मुलीचं पाढे म्हणणं, कोणाच्या वरच्या मजल्यावर कायमचं चाललेलं ड्रिलिंग. बाकीचे वैतागायचे. मी जेवायला उठलो तरी लॅपटॉपचा आवाज वाढवून ठेवायचो. माझ्या घरात फ्रिजखेरीज आवाज करणारं दुसरं काही नव्हतं.

सगळ्यांत दणक्याचं घर बेलापूरजवळच्या करावे गावात राहणाऱ्या आमच्या सहकारिणीचं. ती बेलापूरला माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिच्याकडे कोंबड्या, मासळी नीट करताना चाललेल्या गप्पा, दारावरून जाणारे रिक्षावाले, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना घरात बसून कोणी पगार मिळवतं हे पटलेलं नव्हतं. एके दुपारी त्या पडद्यात डोकावल्या.

"यो कोन हाय गो?"

"सर हायत आमचे. एकटे रातात."

"एकटा? मंग रांधतो कोन?" आणि थेट मला, "बाला, जेवलास का रं?"

सहकारीण शरमून लाल झाली. मी म्हणालो, "जेवलो, आई." खरं तर बिस्किटं खाल्ली होती.

त्यानंतर रोज दुपारी मागून हाक यायची. त्या दिसायच्या नाहीत, कधी अंगणातून विचारायच्या, कधी चुलीजवळून. "बाला, जेवलास का?" मी म्हणायचो, "जेवलो, आई." एवढंच आमचं बोलणं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कोणी बाला म्हणावं याचं मला हसू यायचं, आणि साडेबारा वाजले की माझं लक्ष कामातून उडायचं. खोटं किती बोलायचं म्हणून मी वरण-भात लावायला लागलो. मला त्या बाईंची गरज वाटायला लागली होती, हे स्पष्टच सांगतो. जेवलास का, असं मला विचारणारं दुसरं कोणीही उरलं नव्हतं.

मग ॲपमध्ये नवी सोय आली. मॅनेजरने सोमवारी आनंदाने जाहीर केलं की, आता मागचा गोंगाट आपोआप गाळला जाईल, पुढे बसलेल्या माणसाचं बोलणं तेवढं पोचेल. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. सहकारिणीने सगळ्यांत जास्त. "सुटले बाई," ती म्हणाली, "लाज वाटायची नुसती." पाठीमागचं घर धूसर करायची सोयही तिने त्याच दिवशी चालू केली.

कॉल एकदम स्वच्छ झाला. कुकर गेला, पाढे गेले, कोंबड्या गेल्या. साडेबारा वाजले. मी पडद्याकडे बघत बसलो. तिने एकदा मान वळवून मागे पाहिलं. मी अंदाजाने म्हणालो, "जेवलो, आई." कॉलवर हशा पिकला. "सर, कोणाशी बोलताय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, तेव्हा मॅनेजरने खासगीत मेसेज टाकला, सर, सगळं ठीक ना? मी त्याला फोन करून विचारलं, ही सोय बंद नाही का करता येणार? तो गोंधळला. "सर, आवाजाच्या तक्रारी होत्या म्हणून तर मागे लागून घेतली. आणि ती ज्याची त्यानेच बंद करायची असते."

म्हणजे तिने. तिला काय सांगणार होतो मी? तुझी सासू मला परत ऐकू दे? ती इतकी सुटल्यासारखी दिसत होती. माझी जीभ रेटली नाही. मी गप्प बसलो, आणि हळूहळू दुपारचं रांधणंही सुटलं.

पुढे एका शुक्रवारी खेळ चालू होता. चित्राचा तुकडा दाखवायचा आणि वस्तू ओळखायची. ती उशिरा कॉलवर आली, तोंड उघडून काही बोलणार तेवढ्यात सगळे ओरडले, "तुझा नंबर, तुझा नंबर!" तिने चित्राकडे पाहिलं, "खलबत्ता" म्हणाली आणि निघून गेली. उत्तर बरोबर होतं. तिला गुण मिळाले. सोमवारी तिच्या नावापुढे रजेची खूण दिसली. ॲपमध्ये रजेची खूण म्हणजे नारळाचं झाड. लोकांनी खाली लिहिलं, मजा कर, फोटो टाक.

ती परतल्यावर ॲपने आमची चहाची जोडी लावली. मी बरेच दिवस मनात घोकलेलं विचारलंच. "आई काय म्हणतात?"

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, आई गेल्या. तो खेळ होता ना, त्याच दिवशी. मागे सगळं घर रडत होतं. मी सांगायलाच आले होते, पण तुम्ही सगळे इतके हसत होतात."

मी त्या खेळात होतो. तिच्या मागे माणसं आक्रोश करत होती आणि माझ्यापर्यंत आला तो एकच शब्द, खलबत्ता. ॲपने बाकीचं गाळून टाकलं होतं.

"रागावू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही उत्तर द्यायचं का बंद केलंत? त्या रोज विचारायच्या. अंथरुणाला खिळल्या तरी विचारायच्या. कोंबड्या गाळल्या तरी माणसाची हाक पोचत असेल असं मी धरून चालले. मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला असेल, म्हणून मीही विषय काढला नाही. त्या मला म्हणायच्या, बाला रुसला हाय काय गो?"

मी कॅमेरा बंद केला. त्यानंतर जे झालं ते मला आवरता आलं नाही. मी मोठ्याने रडलो. माझी आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. मला तिला सांगायचं होतं की मी रुसलो नव्हतो, मला ऐकूच येत नव्हतं, पण हुंदक्यांतून शब्द बाहेर पडेनात. माझा माइक चालू होता. गोंगाट गाळायची सोयही.

"सर?" ती म्हणाली. "आहात का? काहीच ऐकू येत नाहीये तुमच्याकडून."

ती थोडं थांबली. मग म्हणाली, "बरं, तुम्ही कामात असाल," आणि तिने कॉल ठेवला.